पंडिता रमाबाईंचे स्वयंपाकघर

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहा, असे आपल्या अध्यक्षीणबाईंनी मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, विद्वत्तेच्या गोष्टी मला साधणार नाहीत. पण पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातील एक बाजू आपल्यासारख्या चूल सांभाळणाऱ्या बायकांनाच अधिक कळेल, म्हणून तीच लिहिते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून बायकोला संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने लेकीला. पुढे दुष्काळात आईबाप गेले. भावाबरोबर पायी हिंडत त्या कलकत्त्यास पोचल्या. तेथे १८७८ त पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. मग भाऊ गेला, लग्न झाले, आणि दोन वर्षांच्या आत पतीही पटकीने गेले. पदरी तान्ही मनोरमा!

१८८३ साली त्या विलायतेस गेल्या व तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या धर्मात अमुक खा, तमुक खाऊ नका असे बंधन नाही. तरी बाईंनी मांसमच्छी घेतली नाही, ती अखेरपर्यंत. मठातील सिस्टरांना हा जुन्या जातीचा अभिमान वाटे. परंतु नव्या धर्मात मोकळीक मिळाली म्हणून ती वापरलीच पाहिजे, असे बाईंना वाटत नव्हते.

याचे मोल १८८९ साली कळले. त्या वर्षी ११ मार्चला त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. ते पुढच्या वर्षी पुण्यास नेले. चालविणारी बाई ख्रिस्ती, पैसा अमेरिकेतील मंडळींचा, पण मुलींना आपापल्या जातीचे आचार पाळण्याची पूर्ण मोकळीक आणि स्वयंपाकही त्याच रीतीचा. विचार करा, केशवपनाच्या धाकातून सुटून आलेली पोर! तिचा आचार एकदा मोडला असता तर माहेरचे दार तिला कायमचे बंद झाले असते. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी १८९३ त पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई याच सदनात शिकल्या.

आपल्या वैतरणेकाठी मासळीवाचून ज्यांचा घास उतरत नाही अशी घरे आहेत, आणि श्रावणात कांदा न चिरणारीही. एकत्र जेवण करायचे म्हणजे किती तारांबळ उडते, हे आपण जाणतोच.

ताटाचे निभावले, प्रार्थनेचे मात्र निभावले नाही. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. झाले, गावात गवगवा झाला. केसरीने टीका केली. १८९३ त न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या.

माझे मत विचाराल तर बाईंनी दार लावून घ्यायला हवे होते. आपण देवपूजा करताना शेजारचे पोर येऊन बसले तर उठवीत नाही, हे खरे. पण कुणी विश्वासाने मुलगी ठेवली असेल तर गोष्ट निराळी. उलट बाजूने पाहिले तर मालकिणीने स्वतःच्याच घरात चोरून प्रार्थना करावी, हेही जिवावर येण्यासारखेच. आमच्या घरी यावर दोन मते पडली आणि भात गार झाला.

पुढे दुष्काळातील अनाथ मुली त्यांनी केडगावी आणल्या. १९०० च्या सुमारास तेथे दीड हजारांवर बायकामुली होत्या. त्यांना शिवण, विणकाम, छापखान्याचे काम शिकविले. तेथे मात्र सदनासारखा तटस्थपणा ठेवला नाही, उघड ख्रिस्ती संस्था चालविली. स्वतःचे जेवण तेच साधे, अंगावर पांढरे लुगडे. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरविण्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. १९२१ त मनोरमा गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी बाईही गेल्या. केडगावचे मुक्ती मिशन अजून चालू आहे. पुण्याकडे जाणे झाले तर दौंडच्या गाडीने जाऊन पाहून यावे.