हरलेल्या सामन्यांचा गुरू

बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांचा जन्म १८६१ मध्ये कॅनडात झाला. बालपणीच आईबाप वारले. ईश्वरविज्ञान शिकूनही ते उपदेशपीठाऐवजी व्यायामशाळेकडे वळले. १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत, पीच फळांच्या दोन टोपल्या टांगून त्यांनी हा खेळ सुरू केला. १८९८ पासून कॅन्सस विद्यापीठात ते उपासना व व्यायाम दोन्ही पाहू लागले. तेथे त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले, ६० गमावले. पण मुलांचे शील घडावे, हाच त्यांचा हेतू होता. त्यांचा विद्यार्थी फॉग ॲलन पुढे विख्यात प्रशिक्षक झाला. १९१६ मध्ये नेस्मिथ यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९३९ मध्ये ते प्रभूमध्ये निजले. शब्बाथ शाळेतील शिक्षकबंधुभगिनींनो, आपल्या श्रमाचे मोजमाप आपणही केवळ हजेरीपटावरून करू नये, असे आम्हांस वाटते.