गळ, लेखणी आणि धीर : आयझॅक वॉल्टन

बऱ्हाणपूरच्या राजघाटावर सायंकाळी उभे राहिले म्हणजे तापीच्या काठी दोन-चार मुले तरी गळ टाकून बसलेली दिसतात. हातात बांबूची काठी, काठीला दोरी, गळाला कणकेची गोळी. मासा लागो अथवा न लागो, त्यांची नजर पाण्यावरून हलत नाही. ही मुले पाहिली की आम्हांला इंग्लंडातील एका कापड-दुकानदाराची आठवण होते. त्याने मासे धरण्याविषयी एक लहानसे पुस्तक लिहिले आणि ते तीनशे सत्तर वर्षांहून अधिक काळ वाचले जात आहे. त्याचे नाव आयझॅक वॉल्टन. तो केवळ हौशी मासेमार नव्हता, तर आपल्या मंडळीचा एक निष्ठावंत सभासद होता, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून त्याची जीवनकथा येथे थोडक्यात सांगत आहोत.

आमच्या या गावाशी त्या कथेचा एक बारीकसा धागाही जुळतो. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो हा जहांगीर बादशहाच्या भेटीस निघाला असता १६१५ च्या नोव्हेंबरात बऱ्हाणपुरास उतरला होता. तेव्हा शहाजादा परवेझ याचा दरबार येथे भरत असे. रो येथे तापाने आजारी पडला आणि तशाच स्थितीत पुढे अजमेरास गेला. या रोचा एक स्नेही लंडनात होता. तो म्हणजे कवी जॉन डन. हेच डन पुढे सुप्रसिद्ध उपदेशक झाले आणि ज्या मंडळीचे ते पाळक होते त्या मंडळीत एक तरुण दुकानदार दर रविवारी त्यांचे उपदेश ऐकत बसे. तोच आपला वॉल्टन.

वॉल्टन यांचा जन्म १५९३ साली स्टॅफर्ड या गावी झाला. वडील खानावळ चालवीत. मुलगा चार वर्षांचाही झाला नव्हता, तोच वडील वारले आणि आईने दुसरे लग्न केले. मोठ्या शाळेत वा विद्यापीठात जाण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. लहानपणीच ते लंडनला आले, नातेवाइकाच्या हाताखाली कापडाचा धंदा शिकले आणि पुढे फ्लीट स्ट्रीट या गजबजलेल्या रस्त्यावर त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. १६१८ साली त्यांना लोखंड-व्यापाऱ्यांच्या संघाचे सभासदत्व मिळाले. धंदा कापडाचा आणि संघ लोखंडाचा, हे चमत्कारिक वाटेल. परंतु त्या काळी लंडनच्या व्यापारी संघांत अशी सरमिसळ चालत असे.

१६२४ साली डन हे त्या भागातील सेंट डन्स्टन मंडळीचे पाळक झाले. एवढा विद्वान पाळक आणि फारसे शिक्षण न झालेला दुकानदार यांच्यात स्नेह जडला. वॉल्टन मंडळीच्या कामात पडले, कारभाऱ्यांतही त्यांची निवड झाली. १६३१ साली डन वारले. त्यांचे चरित्र सर हेन्री वॉटन लिहिणार होते आणि त्यासाठी माहिती जमविण्याचे काम त्यांनी वॉल्टनवर सोपविले होते. परंतु चरित्र लिहून होण्यापूर्वीच वॉटन वारले. डन यांच्या उपदेशांचा ग्रंथ तर छापावयास निघाला होता. तेव्हा वॉल्टन यांनी स्वतःच लेखणी उचलली आणि १६४० साली ते चरित्र त्या ग्रंथाच्या आरंभी प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी वॉटन, रिचर्ड हूकर, जॉर्ज हर्बर्ट व बिशप सँडरसन यांचीही चरित्रे लिहिली. त्यांत तारखांच्या चुका आहेत आणि ज्यांच्यावर प्रेम केले त्यांचे दोष झाकण्याची सवयही दिसते. तरीपण हर्बर्ट यांचे जीवन आज आपल्यापर्यंत पोहोचले आहे ते बऱ्याच अंशी या दुकानदाराच्या लेखणीमुळे.

बाहेरून पाहता हा सुखवस्तू गृहस्थ वाटेल. पण त्यांच्या घरात शोक ठाण मांडून बसला होता. १६२६ साली रेचेल नावाच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. त्यांना सात मुले झाली आणि ती सातही लहानपणीच गेली. १६४० साली रेचेलही गेली. ज्या वर्षी डन यांचे चरित्र छापले गेले, त्याच वर्षी लेखकाने पत्नीला मूठमाती दिली होती. काही वर्षांनी त्यांनी ॲन केन यांच्याशी दुसरा विवाह केला. ॲनचा सावत्र भाऊ टॉमस लहानपणीच पोरका झाला, तेव्हा त्याच्या पालनपोषणाचा भार या पतिपत्नींनी उचलला. हाच टॉमस केन पुढे बिशप झाला. पवित्र त्रैक्याची स्तुती करणारे जे छोटेसे पद उपासनेच्या अखेरीस जगभरच्या मंडळ्यांत गाइले जाते, ते मूळ त्याच्याच गीतांतील आहे. पुढच्या वेळी ते पद म्हणताना, सात मुले गमावूनही दुसऱ्याचे मूल वाढविणाऱ्या या घराची आठवण ठेवावी.

घरातील दुःखाबरोबर देशातही आग पेटली होती. १६४२ पासून राजा व पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध सुरू झाले. १६४५ साली इंग्लंडच्या मंडळीचे प्रार्थनापुस्तक वापरण्यास बंदी झाली. १६४९ साली राजाचा शिरच्छेद झाला. अनेक पाळकांना आपापल्या मंडळ्या सोडाव्या लागल्या, आणि त्यांत वॉल्टन यांचे कित्येक मित्र होते. वॉल्टन राजाच्या पक्षाचे. १६५१ साली वूस्टरच्या लढाईत राजपुत्र चार्ल्स हरला, तेव्हा त्याचे एक रत्नजडित मानचिन्ह त्यांनी जिवावर उदार होऊन लंडनला पोहोचविले. विरुद्ध पक्षातही देवभीरू माणसे होती, हे येथे सांगितलेच पाहिजे. दोन्हीकडची माणसे एकाच प्रभूचे नाव घेऊन एकमेकांशी लढत होती, हेच त्या काळाचे मोठे दुःख होते.

अशा दिवसांत, १६५३ साली, साठाव्या वर्षी वॉल्टन यांनी आपले मासेमारीचे पुस्तक प्रसिद्ध केले. ‘द कम्प्लीट अँग्लर’ हे त्याचे नाव. दोन वाटसरू लंडनच्या उत्तरेस ली नदीच्या बाजूने चालत आहेत, एक गळ टाकण्याची विद्या शिकवीत आहे व दुसरा शिकत आहे, असा त्याचा संवाद आहे. कोणता मासा कुठे राहतो, काय खातो, कोणत्या महिन्यात धरावा, कसा रांधावा, हे सारे त्यात आहे. मधूनमधून पावसाची सर, दूध काढणाऱ्या मुलीचे गाणे, खानावळीतील स्वच्छ अंथरूण हेही आहे. प्रभूने निवडलेल्या प्रेषितांपैकी पेत्र, आंद्रिया, याकोब व योहान हे चौघे कोळी होते, याची आठवण ते अभिमानाने देतात. शत्रूवर मात्र एकही शिवी नाही. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी पौलाने थेस्सलनीकाकरांस दिलेल्या, शांतपणे राहण्याविषयीच्या उपदेशाकडे बोट दाखविले आहे. ज्याला जगाचा उपद्रव ठाऊक नाही त्याने शांतीचे पुस्तक लिहिणे सोपे. वॉल्टन यांनी ते ज्या घरातून आणि ज्या काळातून लिहिले, ते पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते.

आता एक गोष्ट आम्हांला विशेष सांगावयाची आहे. गळाने मासे धरण्याच्या दोन रीती आहेत. एकीत गांडूळ, कणीक असे खरे आमिष लावतात. दुसरीत गळावर रेशमी धागा, लोकर व पक्ष्याची पिसे बांधून खोटी माशी तयार करतात आणि ती पाण्यावर अशा कौशल्याने टाकतात की माशाला खरीच माशी पडली असे वाटावे. ही रीत फार जुनी आहे. मॅसिडोनियातील लोक तांबडी लोकर व कोंबड्याची पिसे लावून मासे धरीत, असे इलियन नावाच्या लेखकाने अठराशे वर्षांपूर्वी नमूद केले आहे. पिसांच्या माशीची ही विद्या वॉल्टन यांना बेताचीच येत होती. त्यांचा हात बसलेला होता तो गांडुळावर आणि बेडकावर. पुस्तकात माशीविषयी जे आहे, त्यातील पुष्कळसे त्यांनी टॉमस बार्कर नावाच्या जाणत्याकडून घेतले, आणि तसे नाव घेऊन सांगितलेही. क्रॉमवेलच्या सैन्यातील रिचर्ड फ्रँक नावाचा एक शिपाई पट्टीचा मासेमार होता. त्याने वॉल्टन यांच्यावर कठोर टीका केली.

वॉल्टन यांनी काय करावे? त्यांचा चार्ल्स कॉटन नावाचा एक मित्र होता, वयाने सदतीस वर्षांनी लहान. कॉटन कवी होता, पण उधळ्या व कर्जबाजारी. त्याच्या काही कविता सभ्य घरात वाचण्याजोग्या नव्हत्या. तरी वॉल्टन यांनी त्याला दूर लोटले नाही. तो त्यांना पित्यासमान मानी. डोंगरातून वाहणाऱ्या डव्ह नदीच्या स्वच्छ पाण्यात पिसांच्या माशीने ट्राउट व ग्रेलिंग हे मासे धरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. १६७४ साली त्याने नदीकाठी एक लहानसे दगडी घर बांधले आणि दारावर आपली व वॉल्टन यांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरविली. ते घर आजही उभे आहे. १६७६ साली पुस्तकाची पाचवी आवृत्ती निघाली तेव्हा वॉल्टन यांनी माशीचा संपूर्ण विषय कॉटनकडे सोपविला आणि त्याचा मजकूर आपल्या पुस्तकाचा दुसरा भाग म्हणून छापला. दोरी बारीक असावी, उभे राहावे ते दूर, म्हणजे मासा बुजत नाही, ही कॉटनची शिकवण माशीने मासे धरणारे अजून पाळतात. त्र्याऐंशी वर्षांच्या नामवंत लेखकाने, हे मला नीट येत नाही, या तरुणाला येते, असे साऱ्या जगापुढे कबूल करावे, ही लहान गोष्ट नव्हे.

पुढे इंग्रज लोक ही काठी व ही माशी घेऊन उष्ण देशांत गेले, तेव्हा त्यांनाही हाच धडा गिरवावा लागला. आपल्या नद्या डव्हसारख्या नाहीत. पावसाळ्यात पाणी गढूळ, माशी दिसावी कशी? नर्मदा-तापीच्या खोऱ्यांत, सह्याद्रीत व हिमालयाच्या पायथ्याशी राहणारा महसीर मासा ट्राउटच्या कितीतरी पट मोठा. तोंडात दात नाहीत, ते घशात. तरी जबड्याची पकड एवढी की विलायती गळ चिरडून जात. मद्रास इलाख्यातील एक अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांनी १८७३ साली मंगळुरास ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक छापविले. या देशाचा मासा या देशात काय खातो ते आधी पाहावे, मग गळ टाकावा, असा त्यांचा आग्रह होता. पाणी निवळल्यावर महसीर माशी घेतो, पण चमच्यासारखा चकाकणारा पत्रा, कणीक, हरभराही घेतो. मायदेशी शिकलेले परदेशात पुन्हा नव्याने शिकावे लागते, हे ज्यांना उमगले त्यांनाच मासा मिळाला. आज धरणे, सुरुंग व विष यांमुळे महसीर पुष्कळ नद्यांतून कमी झाला आहे. मध्य प्रदेश सरकारने २०११ साली त्याला राज्याचा मासा ठरविले. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून त्याची पिल्ले वाढवून पाण्यात सोडण्याचे काम केले. धरण्याची विद्या शिकावी, तशी राखण्याचीही शिकावी.

वॉल्टन यांची अखेरची वर्षे विंचेस्टर येथे गेली. पत्नी ॲन १६६२ सालीच वारली होती. मुलगी एका पाळकाच्या घरी दिली होती आणि मुलगाही पाळक झाला होता. ९ ऑगस्ट १६८३ रोजी, नव्वदावे वर्ष पूर्ण होताच, त्यांनी आपले मृत्युपत्र लिहावयास घेतले. स्टॅफर्डजवळची आपली शेती त्यांनी जन्मगावच्या गरिबांसाठी ठेवली. तिच्या उत्पन्नातून दरवर्षी दोन गरीब मुलांना धंदा शिकावयास ठेवावे, एखाद्या मोलकरणीच्या अथवा गरिबाच्या मुलीच्या लग्नास मदत करावी आणि उरलेल्या पैशांतून गरिबांना कोळसा द्यावा. तोही कधी द्यावा हे त्यांनी लिहून ठेवले : जानेवारीच्या अखेरीस व फेब्रुवारीच्या आरंभी, कारण गरिबाच्या चुलीला तेच दिवस सर्वांत कठीण. ज्याने आयुष्यभर नदीकडे बारीक नजरेने पाहिले, त्याने शेजाऱ्याच्या चुलीकडेही तसेच पाहिले होते. १५ डिसेंबर १६८३ रोजी ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये त्यांची कबर आहे.

वाचकहो, आमच्यापैकी कित्येक जण वर्षानुवर्षे शब्बाथ शाळेत शिकवीत आहेत. मुले ऐकत नाहीत, एकही गळाला लागत नाही, असे वाटून हात खाली पडतात. अशा वेळी या वृद्ध गृहस्थाकडे पाहावे. त्यांनी दुःखात धीर सोडला नाही, भांडणाच्या काळात जीभ विटाळली नाही, आणि वेळ आली तेव्हा आपल्या पुस्तकात एका तरुणासाठी जागा करून दिली. आमच्या वर्गांत, आमच्या मंडळ्यांत असे तरुण आहेत. त्यांचे काही वागणे आम्हांला पसंत नसेल. पण एखादी गोष्ट त्यांना आमच्याहून चांगली येत असेल. ती ओळखून काठी त्यांच्या हाती देण्याइतके मन आम्ही मोठे करू या.