जोतीरावांनी मांडलेला हिशेब

(द्वितीय वर्ष, कला)

दोन वर्षांपूर्वी माझ्या आजोळच्या गावी देशी दारूच्या दुकानावर मतदान झाले. २००८ सालापासून आपल्या राज्यात असे मतदान घेता येते. चिठ्ठीवर एक उभी बाटली असते आणि एक आडवी. गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरच दुकान बंद होते. आजी भर उन्हात जाऊन मत देऊन आली. आलेल्या मतांत आडवी बाटली पुष्कळ पुढे होती. परंतु कामासाठी बाहेरगावी गेलेल्या बायका परतल्याच नाहीत, निम्म्याचा आकडा गाठता आला नाही आणि दुकान राहिले.

त्याआधीच्या ग्रामसभेत माझा मामा उठून बोलला होता. तो स्वतः पीत नाही. पण दुकान गेले तर शेजारची अंडाभुर्जीची गाडी बसेल, पानपट्टी बसेल, रिक्षावाल्यांचा धंदा जाईल, गावात पैसा फिरायचा कुठून, असा त्याचा प्रश्न होता. त्यावर सारी सभा गप्प झाली. मीही गप्पच बसलो.

पुढे ११ एप्रिलच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी महात्मा जोतीराव फुले यांच्या चरित्राची टिपणे काढीत मी ग्रंथालयात बसलो होतो. मुलींची शाळा, सत्यशोधक समाज, हे सारे शाळेपासून पाठ होते. पुणे नगरपालिकेचे सभासद असलेले जोतीराव मात्र मला तोवर कोणी भेटवले नव्हते. मामाच्या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्यापाशी सापडले.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांना फुले पुरवण्याच्या व्यवसायावरून फुले हे नाव रूढ झाले. आई चिमणाबाई लहानपणीच वारल्या. वडील गोविंदराव यांनी लोकांच्या सांगण्यावरून मुलाला शाळेतून काढून मळ्यात लावले होते. गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनी गळ घातली म्हणून तो १८४१ साली पुन्हा शाळेत, स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेला. १८४८ साली त्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि त्यापायी त्यांना व सावित्रीबाईंना घर सोडावे लागले. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला. हा सारा इतिहास आपणा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून मी तो लांबवीत नाही.

त्यांची एक बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. जोतीराव पोट भरण्यासाठी कोणावर अवलंबून नव्हते. ते कंत्राटदार होते. सरकारी बांधकामांना ते माल पुरवीत. मांजरीला त्यांची शेती होती आणि तेथे कालव्याच्या पाण्यावर ते पिके घेत. मजुराच्या हातात दिवसाचे किती पडतात आणि घरी पोचेपर्यंत त्यातले किती उरतात, हे त्यांनी कामाच्या जागी उभे राहून पाहिले होते. १८७७ च्या दुष्काळात त्यांनी धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नाची सोय केली. पैशाची किंमत त्यांना अशी दोन्ही टोकांकडून ठाऊक होती.

१८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. नेमके याच काळात, १८७८ साली, मुंबई सरकारने अबकारीचा नवा कायदा आणला. लहान लहान भट्ट्या मोडून दारू गाळण्याचे काम सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांकडे आणण्याचे धोरण पुढे आले. विक्रीचा मक्ता बड्या मक्तेदाराला द्यायचा आणि त्याने सरकारला ठरावीक रकमेची हमी द्यायची, अशी रीत पडली. ज्याने हमी भरली, त्याला खप वाढवल्यावाचून गत्यंतर नव्हते. दुकान कोठे काढायचे याचा परवाना सरकार देई. ज्या पेठेत दुकान निघे, त्या पेठेतल्या लोकांना कोणी विचारीत नसे.

पुण्यात दुकाने वाढू लागली, तेव्हा जुलै १८८० मध्ये जोतीरावांनी नगरपालिकेच्या कार्यकारी समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. दारूच्या दुकानांनी लोकांची नीती आणि प्रकृती बिघडते, अनेक संसार धुळीला मिळतात, हे त्यांनी मांडले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. लोकांचे आरोग्य राखण्यासाठी नगरपालिका एका हाताने पैसा खर्च करते आणि तेच आरोग्य बिघडवणारी दुकाने शहरात उघडत जातात, या विसंगतीवर त्यांनी बोट ठेवले. दुकानांवर कर बसवावा, अशी सूचनाही त्यांनी केली.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसलो. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ मी माझ्या मनाशी असा लावला. अबकारीचे उत्पन्न जाते सरकारच्या तिजोरीत आणि नफा जातो मक्तेदाराकडे. आजारपण, भांडणतंटे आणि शाळा सुटलेली मुले मात्र गावाच्या वाट्याला येतात. जमेची वही एकाकडे, खर्चाची दुसऱ्याकडे, म्हणून धंदा नेहमी फायद्यातच दिसतो. जोतीरावांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवायला सांगितले.

त्या पत्राने सरकारचे धोरण बदलले नाही. मुंबई इलाख्याचे अबकारी उत्पन्न पुढेही वाढत राहिले. पण असा हिशेब मागणे हा जोतीरावांचा स्वभावच होता. गव्हर्नर जनरलच्या स्वागतासाठी नगरपालिकेने हजार रुपये खर्चावेत असा ठराव आला, तेव्हा ती रक्कम गरिबांच्या शिक्षणाला द्यावी असे म्हणून विरोधी मत देणारे ते एकटेच होते. मंडईच्या टोलेजंग इमारतीलाही त्यांचा असाच विरोध होता. ती इमारत १८८६ साली गव्हर्नर रे यांच्या नावाने उघडली. पुढे तिलाच महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले, हा काळाचा विनोद म्हणायचा.

मग गावात पैसा फिरायचा कुठून? मामाचा प्रश्न तसाच उरतो. त्याचे उत्तर जोतीरावांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत दिलेले दिसते. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी सांगितले, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, तेव्हा तो रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च झाला पाहिजे. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात तर त्यांनी कामांची यादीच दिली. पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून ताली आणि बंधारे घालावेत व त्या कामाला रिकाम्या पलटणी आणि पोलीस लावावेत, विहिरींना पाणी कोठे लागेल ते शोधून द्यावे, गुरे व मेंढ्यांची पैदास सुधारावी, शेतीची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत. पैसा गावातच फिरावा आणि फिरताना काही तरी उगवून जावा, असा हा विचार मला वाटतो.

१८८८ साली मुंबईत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी आपला शेवटचा ग्रंथ पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले.

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाला हे सारे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि मग विचारले, बंधारा होईस्तोवर भुर्जीवाल्याने काय खायचे? तो प्रश्न खोटा नाही आणि माझ्यापाशी त्याचे तयार उत्तरही नव्हते. पण या वेळी मी गप्प बसलो नाही. दुकानापायी गावाबाहेर किती पैसा जातो, दवाखान्यात किती जातो आणि भुर्जीच्या गाडीवर किती उरतो, हे एकदा कागदावर मांडू या, असे मी म्हणालो. मामाने भाचीच्या वहीतले एक पान फाडून घेतले. मधोमध रेघ ओढून तो पहिला आकडा आठवू लागला. चुलीपाशी बसलेल्या आजीने तो आधीच सांगून टाकला.