आनंदीबाई जोशी आणि ते दहा दिवसांचं बाळ



३१ मार्च म्हटलं की आपल्याला आठवतात ती अनुदानाची बिलं आणि वर्षअखेरीचे हिशेब. पण याच तारखेला १८६५ साली कल्याणच्या जोश्यांच्या घरात एक मुलगी जन्मली, यमुना. हीच पुढे डॉ. आनंदीबाई जोशी. आपण वर्गात त्यांची गोष्ट सांगतो ती बहुतेक वेळा एका ओळीत: अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक. मीही कित्येक वर्षं तेवढंच सांगायचे. पण त्या डॉक्टर का झाल्या, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होतच नाही.

नवव्या वर्षी यमुनेचं लग्न झालं. नवरा गोपाळराव, पोस्टात कारकून, वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे आणि बिजवर. त्यांनी तिचं नाव आनंदी ठेवलं. बायकोने शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट. अभ्यास सोडून ती स्वयंपाकात रमली तर ते रागवायचे, प्रसंगी मारायचेसुद्धा. हेही आपण लपवू नये. शिक्षण चांगलंच, पण ते मारून द्यायचं नसतं, हे आपल्यालाही लागू आहे.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो फक्त दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही. बायका पुरुष डॉक्टरला दाखवायला लाजत आणि स्त्री डॉक्टर मिळणं जवळजवळ अशक्य. आज आठवीत बसते त्या वयाची ही मुलगी. तिने त्या दुःखातून ठरवलं, आपणच डॉक्टर व्हायचं.

७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. त्याआधी श्रीरामपूरच्या कॉलेजात लोकांसमोर उभं राहून आपण का जातोय ते सांगितलं. अमेरिकेत कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखं सांभाळलं. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात त्या शिकल्या. कडाक्याची थंडी, परकं अन्न, त्यात तब्येत ढासळलेली. तरी ११ मार्च १८८६ ला पदवी घेतली. प्रबंधाचा विषय काय निवडला असेल? हिंदू लोकांमधलं प्रसूतिशास्त्र! ते दहा दिवसांचं बाळ त्या विसरल्या नव्हत्या.

कोल्हापूरच्या दवाखान्यात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना मिळाली होती. पण क्षयाने गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

आता थोडं आजचं बोलू. कोवळ्या वयात आई होणाऱ्या मुलीचं स्वतःचं शरीरच अजून वाढत असतं. त्यात रक्त कमी, खाणं अपुरं. मग बाळ दिवस भरण्याआधी जन्मतं, नाहीतर पोटात नीट वाढत नाही. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी भरलं तर त्याला कमी वजनाचं बाळ म्हणतात. अंगात चरबी कमी म्हणून ते लवकर गार पडतं, दूध ओढायची ताकद नसते, जंतुसंसर्ग पटकन होतो. उपाय मात्र साधे आहेत: पहिल्या तासात आईचं दूध, आंघोळीची घाई नाही, डोक्याला टोपडं आणि बाळ आईच्या उघड्या छातीशी. याला कांगारू मदर केअर म्हणतात. आनंदीबाईंच्या बाळानंतर साधारण शंभर वर्षांनी कोलंबिया देशात ही पद्धत सुरू झाली.

आज दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येते, पुढेही बेचाळिसाव्या दिवसापर्यंत येत राहते. म्हणजे त्या दहा दिवसांत दोनदा! आनंदीबाईंच्या दारात तेव्हा असं कुणी आलं असतं तर?

गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी बाजारात भेटली. कडेवर बाळ, अगदी काडीसारखं. तिचं वय मला माहीत होतं, हजेरीपटावर मीच लिहिलं होतं. कायद्याने अठरा सांगितलंय, पण सातवीनंतर शाळा सुटली की कोण विचारतं? त्या दिवशी मला वाटलं, मुलगी शाळेत टिकवणं हे सुद्धा एका बाळाचा जीव वाचवणंच आहे.

म्हणून एक उपक्रम सुचवते. वजन-मापाचा पाठ घेताना अडीच किलो तांदूळ पिशवीत भरा आणि प्रत्येक मुलाला, मुलीला हातात धरायला द्या. मग आनंदीबाईंची गोष्ट सांगा, त्या दहा दिवसांसकट. आणि पालकहो, तुमच्या लेकीची आठवीची वह्या-पुस्तकं यंदा आधी आणून ठेवा.