दंवाचें कोडें सोडविणारे डॉक्टर वेल्स

सूर्य मावळल्यावर गारवा कां पडतो असें वर्गांत विचारलें असतां, सूर्य गेला म्हणून, असें उत्तर आम्हांस बहुधा मिळतें. उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. दिवसभर तापलेल्या जमिनीची उष्णता एका रात्रींत जाते कोठें? हें कोडें ज्या गृहस्थांनीं सोडविलें ते व्यवसायानें डॉक्टर होते, आणि त्यांच्याकडे रोगी फारसे येत नसत.

विल्यम चार्ल्स वेल्स ह्यांचा जन्म १७५७ सालीं अमेरिकेंतील चार्ल्सटन शहरीं एका स्कॉच कुटुंबांत झाला. मुलानें आपलें कूळ विसरूं नये म्हणून वडील त्यास चौकटींच्या कापडाचा स्कॉच डगला व निळी टोपी घालावयास लावीत. इतर मुलांनीं त्या पोशाखाचें काय केलें असेल हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको! १७८० सालीं एडिंबरो येथें ते एम्. डी. झाले. पुढें लंडन येथें धंदा बेताचाच चालला. सेंट टॉमस रुग्णालयांत जागा मिळाली तेव्हां वयाचीं चाळीस वर्षें उलटलीं होतीं.

१८११ च्या सुमारास सरे परगण्यांतील एका मित्राच्या बागेंत ते निरभ्र रात्रीं जागून काढूं लागले. लोंकरीचे समान वजनाचे पुंजके उघड्यावर ठेवून त्यांत किती दंव सांठलें तें ते तोलून पाहात. शास्त्यांच्या पुस्तकांतील गिदोनाची लोंकर वाचकांस आठवेलच. एकदां फळीच्या वरच्या बाजूच्या लोंकरीचें वजन १४ ग्रेन वाढलें, खालच्या बाजूचें केवळ ४.

दंवामुळें थंडी येते असें पूर्वीं त्यांचेंच मत होतें; तें त्यांनीं सोडून दिलें. आधीं गवत थंड होतें, मग त्यावर दंव जमतें. प्रत्येक पदार्थ आपली उष्णता किरणरूपानें सतत बाहेर टाकीत असतो. दिवसा सूर्य ती भरून काढतो. रात्रीं निरभ्र आकाशाकडून फारच थोडी परत येते. जमीन निवते, आणि तिला लागलेली हवाही निवते. ढग मात्र पांघरुणासारखे उष्णता परत देतात. हवेंतील अदृश्य वाफही तेंच करते, हें पुढें टिंडाल ह्यांनीं दाखविलें. म्हणून कोरड्या वाळवंटांत रात्री कडक असतात.

नाजूक रोपांवर पातळ चटई घालणाऱ्या माळ्यांस वेल्स पूर्वीं मनांत हंसत असत. एवढ्याशा आडोशानें हवेची थंडी कशी अडेल? मग त्यांनीं चार काड्यांवर एक तलम रुमाल गवताच्या वर ६ इंचांवर ताणला. एका रात्रीं उघडें गवत हवेपेक्षां ११ अंश (फॅरनहाइट) थंड भरलें, रुमालाखालचें अवघें ३. माळी बरोबर होते, आणि आपण अर्धवट ज्ञानाच्या गर्वानें हंसलों, हें त्यांनीं ग्रंथांत स्वतः लिहून ठेविलें. इतकें प्रांजळपण आम्हां शिक्षकांसही सहसा साधत नाहीं.

बंगाल्यांत थंडीच्या दिवसांत मातीच्या उथळ पात्रांत पाणी ठेवून बर्फ करीत. तें बाष्पीभवनानें होतें असें विद्वान् म्हणत. वेल्स ह्यांनीं दाखविलें कीं वारा सुटला, म्हणजे पाणी अधिक सुकूं लागलें, तर बर्फ उलट होत नाहीं; त्यास शांत, निरभ्र रात्रच लागते.

ह्या जागरणांच्या काळांत त्यांची प्रकृति ढांसळली. थोडेच महिने उरले असें वाटून त्यांनीं प्रयोग तसेच टाकले व ग्रंथ लिहावयास घेतला. १८१४ सालीं तो प्रसिद्ध झाला, रॉयल सोसायटीनें रम्फर्ड पदक दिलें. रोगी मात्र वाढले नाहींत. १८१७ च्या सप्टेंबरांत लंडन येथें त्यांचें देहावसान झालें.