साऊंडवाले दामले

मागच्या गॅदरिंगला साऊंडची जबाबदारी माझ्याकडे होती. नाटक रंगात आलं आणि माइकने अशी शीळ घातली की पहिल्या रांगेतल्या सरांनी कानांवर हात ठेवले! आठवडाभर मेसमध्ये माझी जी काही टर उडवली गेली, ती विचारू नका. तेव्हापासून विष्णुपंत दामले डोक्यात बसलेत.

मुळशीहून सुट्टीच्या दिवशी पुण्यात गेलो की लॉ कॉलेज रोडवर फिल्म इन्स्टिट्यूटचं फाटक दिसतं. हा मूळचा प्रभात कंपनीचा स्टुडिओ. प्रभात म्हटलं की आपल्याला शांताराम आठवतात. दामले? ते कोण?

जन्म १८९२ चा, गाव पेण. इंजिनिअरिंगची पदवी वगैरे काही नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली पडदे रंगवता रंगवता यंत्रांकडे वळले. १९१८ च्या सुमारास बाबूरावांनी स्वतःचा कॅमेरा बनवला, त्यात दामल्यांचा हात होता. त्याच्यावर काढलेला ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. आपण वर्कशॉपमध्ये एक जॉब धड करत नाही, आणि यांनी कॅमेरा केला!

१९२९ मध्ये कोल्हापुरातच शांताराम, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासोबत प्रभात काढली. मग बोलपट आला आणि आवाजाचं खातं दामल्यांकडे गेलं. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ आठवा. तेव्हा नटाने बोलता-बोलता गायचं, वाद्यं कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर, आणि कॅमेऱ्याची घरघर मात्र माइकला ऐकू जाता कामा नये. शिकवायला मास्तर नाही, चुकलं तर फिल्म वाया. माझ्या मिक्सरला निदान बटणं तरी होती.

१९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. गावाबाहेर, तेव्हाच्या मोकळ्या माळावर स्टुडिओ उभा राहिला. इथेच दामले-फत्तेलाल जोडीने १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ केला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. एवढं होऊनही दामले नावासाठी पुढेपुढे करणाऱ्यांतले नव्हते. मला विचाराल तर साऊंडवाल्याचं असंच असतं. सगळं नीट झालं तर त्याची आठवण कुणाला येते?

१९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले. १९४५ मध्ये दामले गेले, वय अवघं ५२. पुढे कंपनीही बंद पडली आणि १९६० मध्ये त्या आवारात इन्स्टिट्यूट आली.

यंदा गॅदरिंगला साऊंड पुन्हा माझ्याकडेच आहे. स्पीकर माइकच्या पुढे ठेवायचे, एवढं तरी कळलंय.