रक्त गोठविण्याचा ध्यास

खोकल्यावाटे रक्त पडू लागले की घरात हाहाकार उडतो. हिंगोली, वसमत वा कळमनुरीकडे असा रुग्ण रात्री-अपरात्री दवाखान्यात आणला गेला, की नातेवाइकांची पहिली मागणी रक्त थांबविणाऱ्या इंजेक्शनची असते. औषधाने रक्ताची गोठण्याची शक्ती वाढवून शरीराच्या आतला रक्तस्राव थांबवावा, हा विचार प्रयोगशाळेच्या आधारे मांडणाऱ्यांत डॉ. आल्मरॉथ राइट अग्रणी होते. विषमज्वराच्या लसीचे एक जनक आणि अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे गुरू म्हणून जग त्यांना ओळखते. त्यांचा हा आरंभीचा ध्यास मात्र विस्मृतीत गेला.

राइट यांचा जन्म १८६१ मध्ये यॉर्कशायरमधला. डब्लिनला त्यांनी साहित्य आणि वैद्यक दोन्ही अभ्यासले. रक्त गोठण्यास कॅल्शियम लागते, हे १८९० मध्ये फ्रान्समध्ये सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी राइट यांनी कॅल्शियम क्लोराइड हे अंतर्गत रक्तस्रावावरील औषध म्हणून पुढे आणले. बारीक काचनळ्यांत रक्त किती वेळात गोठते, हे मोजण्याचे साधनही त्यांनी तयार केले. क्षयरोग्यांच्या फुप्फुसातील रक्तस्रावावर पुढे अनेक वर्षे कॅल्शियम दिले जात राहिले.

महाराष्ट्राशीही त्यांचा संबंध आला. रँडच्या हत्येनंतरच्या वर्षी, १८९८ मध्ये, भारतीय प्लेग आयोगाचे सदस्य म्हणून ते मुंबईत आले. हाफकिन यांच्या लसीची तपासणीही या आयोगाकडे होती.

राइट हट्टी होते. प्रयोगशाळेतील मोजमापावर त्यांचा जेवढा विश्वास, तेवढाच संख्याशास्त्रावर अविश्वास. स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध करणारे पुस्तकही त्यांनी १९१३ मध्ये लिहिले; ही बाजू झाकण्याचे कारण नाही. कॅल्शियमबाबत त्यांचा तर्क इथेच फसला. क्षयाने फुप्फुसात पोकळी पडते, तिच्या भिंतीतील रक्तवाहिनी झिजून फुटते. बहुतेक रुग्णांच्या रक्तात कॅल्शियमची कमतरता नसतेच. खोट वाहिनीत असते. शिवाय श्वासनलिकेत अडकलेली गुठळी गुदमरवून प्राण घेऊ शकते.

राइट ३० एप्रिल १९४७ रोजी निवर्तले. तोवर स्ट्रेप्टोमायसीनने क्षयाच्या मुळावरच घाव घातला होता. १९६२ मध्ये जपानच्या ओकामोटो दांपत्याने ट्रानेक्झामिक आम्ल जगापुढे आणले. आज वापरले जाणारे हे औषध गुठळी बनवीत नाही, बनलेली विरघळू देत नाही. रक्तस्राव मोठा असेल तर तेवढ्याने भागत नाही. फुटलेली वाहिनी आतून बंद करण्यासाठी मोठ्या शहरातील रुग्णालय गाठावे लागते.